मिस्त्री, पाऊस मागच्या दारानं आला

तालुका शाहूवाडी, जिल्हा कोल्हापूर
१ जून २०२५

आमच्या घराचे शिल्पकार, श्री. मिस्त्री यांस,



उघडं पत्र लिहितोय, कारण बंद पाकीट तुमच्याकडं पोचलं तरी ते कधी फोडलं जाईल याचा भरवसा नाही. फोन करून पाहिला. तुमचा फोन उचलला जात नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. उचलला जातो, तुमचा धाकटा उचलतो आणि "पप्पा सायटीवर हाईत" असं सांगतो. कुठल्या सायटीवर, ते त्या लेकरालाही माहीत नसतं. गेले चौदा महिने मी त्या सायटीच्या शोधात आहे. एवढं मात्र नक्की कळलं, की ती आमची नव्हे.

आधी आनंदाची बातमी सांगतो. पाऊस आला. मृग लागायला अजून आठवडा आहे, पण यंदा मान्सूननं २५ मेलाच महाराष्ट्रात पाऊल टाकलं, आणि त्याच्या आधी वळवानंही कुणाला दम घेऊ दिला नव्हता. गावातली माणसं भाताची धूळवाफ पेरणी करायला निघाली, तर रानात धूळच शिल्लक नव्हती. तुमचं वेळापत्रक मात्र पंचांगाला धरून होतं. "गुर्जी, मागच्या भिंतीचा गिलावा मिरगाच्या आत. ही माझी जबान!" जबान तुमची, नक्षत्र पंचांगाचं आणि भिंत आमची. तिघांतली भिंत तेवढी भिजली.

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत व्याकरण शिकवलं. वर्तमानकाळ, भूतकाळ, भविष्यकाळ. "उद्या येतो" हे वाक्य पोरांना समजावताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. क्रियापद वर्तमानकाळाचं आणि अर्थ भविष्यकाळाचा. तुमच्यामुळं कोडं सुटलं. हे वाक्य कुठल्याच काळातलं नाही, तो नुसता निरोप घेण्याचा प्रकार आहे. कुणी "रामराम" म्हणतं, कुणी "येतो मग" म्हणतं, गवंडी "उद्या येतो" म्हणतो.

तर ९ एप्रिल २०२४ चा पाडवा तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी आमची गुढी शेजाऱ्यांच्या दारात उभी राहिली, कारण आमच्या दाराची चौकट आदल्याच दिवशी काढून ठेवलेली. तुम्ही नारळ फोडलात, कुदळीला हळदकुंकू लावलंत, पेढा तोंडात टाकलात. मी वहीचं पान फाडून वर्षाचा कार्यक्रम तुमच्या हातात दिला. थोरली पहिल्या बाळंतपणाला येणार, म्हणजे डोहाळजेवण आणि बारसं. गणपती-गौरी. धाकटीचं लग्न. आईचं सहस्रचंद्रदर्शन. शेवटी वास्तुशांत. तुम्ही पान वाचलंत, मान डोलावलीत, "व्हतंय की गुर्जी, तुमी निस्तं बगत ऱ्हावा" म्हणालात आणि कागद घडी करून खिशात घातलात. महिन्याभरानं तोच कागद तुमच्या हातात पुन्हा दिसला. त्याच्या कोऱ्या बाजूला सळईचा हिशेब होता. दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा.

बघत राहण्याचं तेवढं काम मी इमानानं केलं.

जुनं घर आजोबांनी बांधलेलं. मातीच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं आणि वळचण इतकी खाली, की आमदार येवो नाहीतर आमचे व्याही, वाकल्याशिवाय सोप्यात शिरता येत नसे. आजोबा म्हणायचे, "घरात येताना मानूस वाकलेलाच बरा." लहानपणी ते मला संस्कार वाटायचे. मोठेपणी कळलं की तो पावसाचा हिशेब होता. मातीच्या भिंतीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, म्हणून छपराचा पदर खाली ओढलेला. आपल्याकडं पाऊस आंब्याच्या घाटाकडनं, मावळतीकडनं येतो आणि उभा पडत नाही, आडवा मारतो. म्हणून मावळतीला खिडकी नाही, आणि रोहिण्या लागल्या की त्या भिंतीला गवताच्या झड्या बांधायच्या. घराचं तोंड कुठंही असो, घराची पाठ सांभाळायची, एवढं त्या अंगठेबहाद्दर माणसाला कळत होतं.

तुम्ही कौलं उतरवलीत तेव्हा मी एकेक पालथं करून शिक्का वाचत होतो. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली या कौलांचा पहिला कारखाना काढला आणि तिथून ही लाल नक्षी कोकण-घाट करत आपल्या डोंगरापर्यंत आली, असं मी तुम्हाला मोठ्या हौसेनं सांगत होतो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "गुर्जी, ही अडगळ कुटं टाकू?"

मग सुरू झालं तुमचं ज्योतिष. मे-जून २०२४ मध्ये शुक्राचा अस्त, त्यातच मधे गुरूचाही. भटजींनी लग्नाच्या मुहूर्तांची वही मिटली आणि धाकटीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर गेलं. मला वाटलं, बरं झालं, मिस्त्रींना सहा महिने मिळाले. तुम्हालाही तसंच वाटलं. पायाचं काम थांबलं म्हणून मी विचारायला आलो, तर तुम्ही आभाळाकडं बोट करून म्हणालात, "शुक्र बुडालाय न्हवं?" शुक्र सूर्याच्या फार जवळ आला की दिसेनासा होतो, त्याला अस्त म्हणतात, वराला वधू मिळताना त्याची अडचण होत असेल, पण सिमेंटला पाणी लागलं की ते आपसूक घट्ट होतं, त्याला गुरू-शुक्र काही कळत नाही, असं मी समजावलं. तोवर ७ मे आला, आपल्या हातकणंगले मतदारसंघाचं मतदान. तुमची माणसं प्रचाराला गेली. मतदान झालं तरी ती परत आली नाहीत, बहुधा निकालाची वाट बघत असावीत. शुक्र मात्र ठरल्या वेळी उगवला. त्याचा तरी शब्द पक्का.

आमचा तो पावसाळा परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. जुलैअखेर पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की आपल्याला कोल्हापूर परदेश होतो, हे काही नवीन नाही. "वाळू अडकलीया" असा तुमचा निरोप आला. पटलं. पूर ओसरला, रस्ता खुला झाला, वाळू अडकलेलीच. पुढं कळलं की ती केर्लीला नव्हे, वरच्या आळीतल्या एका जोत्यावर अडकली होती, आणि तुम्हीच ती तिथं कालवत होता.

श्रावणात थोरलीचं डोहाळजेवण शेजारच्या काकूंच्या सोप्यात झालं. त्यांनी जागा दिली, पाट दिले, वर नारळ दिला. तुम्ही सहकुटुंब आलात, पहिल्या पंगतीला बसलात. वाढताना मला तुम्हाला विचारायचं होतं, "भिंती लिंटलच्या वर कधी जाणार?" पण ताटावर बसलेल्या माणसाला कामाचं विचारू नये, ही आमची रीत. ती तुम्हाला चांगलीच ठाऊक. वर्षभरात तुम्ही आमच्याकडं जेवढ्या वेळा आलात, त्यात हातात थापी होती त्यापेक्षा पुढ्यात ताट असण्याच्या वेळा जास्त भरतील. त्यातून तुमची आमची लांबची भावकी. परका माणूस असता तर चार शब्द सुनावले असते. भावकीतल्या माणसाला शब्द देता येतो, सुनावता येत नाही.

७ सप्टेंबरला गणपती आले. बसवायला कोरडी, उंच जागा हवी. तुमच्या कृपेनं सिमेंटची बारा पोती न वापरता थप्पी मारून ठेवलेली होती. त्यावर फळी, फळीवर सतरंजी, सतरंजीवर बाप्पा. आरतीला आलेल्या प्रत्येकानं आरासाचं कौतुक केलं. एकानं तर थर्मोकोलचे डोंगर आहेत का म्हणून विचारलं. विसर्जनानंतर पहिलं पोतं फोडलं, तर आत खरोखरच डोंगर झालेला. आपल्याकडच्या दमट हवेत सिमेंटचं पोतं पावसाळाभर उघड्यावर टिकत नाही, ओल ओढून आतल्या आत दगड होतं. ५० किलोचं एक याप्रमाणं सहा क्विंटल सिमेंट बाप्पानं जागच्या जागी स्थापन केलं. ती बारा मूर्तिमंत पोती अजून परड्यात आहेत. आई त्यावर पापड वाळवते.

दसऱ्यानंतर, १८ ऑक्टोबरला, अखेर स्लॅब पडला. त्या दिवशी तुम्ही वेगळेच दिसत होता, सांगतो. मिक्सरची घरघर, घमेल्यांची साखळी, डोक्याला टॉवेल बांधून तुम्ही लेव्हल लावताय. सकाळी सातला चढलात ते दिवेलागणीला उतरलात. मनात आलं, हा माणूस उगाच बदनाम आहे. संध्याकाळी रीतीप्रमाणं मटण झालं, तांबडा-पांढरा झाला. आणि पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी संपवताना तुम्हाला आठवलं, की पाळण्याचा हूक टाकायचा राहिला.

हरकत नाही. थोरलीला दिवाळीच्या तोंडावर मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं, आणि सोपा सगळा टेकूंनी भरलेला. वासे, बल्ल्या, पाचरी. बायका वाकत, वळत, पदर सोडवत पाळण्यापर्यंत पोचल्या. पाळणा दोन टेकूंना बांधला होता. "कुणी गोविंद घ्या"च्या तालावर तो हलला की मी टेकूकडं बघायचो, टेकू स्लॅबकडं बघायचा. बांधकामाचं शास्त्र सांगतं की साडेचार मीटरपेक्षा मोठा गाळा असेल तर टेकू १४ दिवस ठेवावेत. आमचा सोपा १६ फुटी, म्हणजे पावणेपाच मीटरच्या वरच. तुम्ही टेकू ३८ दिवस ठेवलेत. एवढी खबरदारी सरकारी धरणालाही मिळत नसेल. स्लॅबवर आळी करून त्यात सात-आठ दिवस पाणी कोंडायचं असतं, तेही झालं. आळी तुम्ही केली, पाणी मी आणि सौभाग्यवतींनी बादल्यांनी वर नेलं. मुंबईहून आलेल्या माझ्या धाकट्या भावानं मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि आम्हा दोघांना फिटनेसबद्दल शाबासकी दिली.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. तुमची माणसं पुन्हा लोकशाहीच्या कामाला. आणि महिनाअखेरीला धाकटीचं लग्न. आठवडाभर आधी मी तुमच्या दारात येऊन बसलो. भिंतींना गिलावा नाही, रंग नाही, न्हाणीला दार नाही, आणि पाहुणे सांगलीकडचे. त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याला तोड नाही. सहा दिवसांत घराची पुढची बाजू उभी केलीत. गिलावा, पुट्टी, डाळिंबी रंग, खांबांना टाइल्स, कठड्याला स्टीलचा पाइप. रस्त्यावरून बघणारा म्हणेल, बंगला आहे. कडेनं बघणारा म्हणेल, हे काय आहे? मागनं बघणारा काहीच म्हणणार नाही, कारण मागं मांडववाल्याचं कापड लावलं होतं. न्हाणीला आईचं जुनं इरकली लुगडं लावलं. नवरदेवाची आत्या आत गेली की आमची पुतणी बाहेर राखणीला उभी.

पण मिस्त्री, आपण दोघंही एक गोष्ट विसरलो. व्हिडिओवाल्यानं ड्रोन आणला होता. अक्षता पडल्या, आणि ते यंत्र घरघर करत वर गेलं, घराला एक संथ प्रदक्षिणा घालून आलं. लग्नाची कॅसेट, म्हणजे आता जे काही पेनड्राइव्हवर मिळतं ते, दोन्ही घरांत सगळ्यांनी पाहिलं. आधी डाळिंबी दर्शनी बाजू, सनई. मग हळूहळू कड. मग उघड्या विटांची मागची भिंत, परांचीची भोकं, भोकांत कोंबलेले कागद, वाळत घातलेली दुपटी आणि मधोमध म्हैस, थेट कॅमेऱ्याकडं बघत. सनई तशीच चालू.

फेब्रुवारीत आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं. ८१ वर्षांत हजारावर पौर्णिमा भरतात, म्हणून हा सोहळा. म्हातारीला गुडघ्यामुळं बाहेर अंगणात जाववत नाही. पण जिन्यावरचं छत तुम्ही "नंतर बगू" म्हणून उघडंच ठेवलं होतं. रात्री तिला जिन्याच्या पायथ्याशी खुर्चीवर बसवलं आणि वरच्या चौकोनातनं चंद्र बरोबर तिच्या मांडीवर आला. ८१ दिव्यांनी ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "त्या मिस्त्रीला म्हनावं, ह्ये तेवढं भोक ऱ्हाऊ दे." तुमच्या सगळ्या कामातली ही एकच गोष्ट घरातल्या माणसाला मनापासून आवडलेली आहे. योगायोगानं ती तुम्ही न केलेली आहे.

३० एप्रिलला अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. मी म्हणत होतो, मागची भिंत होऊ दे, मग करू. पण साडेतीन मुहूर्तांतला एक मोकळा सोडायचा नाही, असं घरात ठरलं. तुम्हाला टॉवेल-टोपी, शर्टपीस आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. फोटो पुढच्या बाजूला काढला.

आणि मग तो आला. ना आमंत्रण, ना मुहूर्त. आंब्याकडनं काळं झालं आणि पाऊस थेट मागच्या भिंतीवर तुटून पडला. उघड्या विटेचं काम म्हणजे पाणी पिणं, ती पिऊ लागली. परांचीच्या भोकांतले कागद भिजून आत गळून पडले. जिन्यातून पाण्याच्या पायऱ्या उतरल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटला. मी भूगोलही शिकवला आहे. पहिल्या दिवशी तो आपल्या तालुक्याएवढा होता, तिसऱ्या दिवशी जिल्हा झाला. आता सगळे म्हणतात, स्लॅबवर पत्र्याचं शेड मारून घ्या. आपल्या भागात एकूणएक स्लॅबवर पत्रा का असतो, हे कोडं मला सुटलं. आधी कौलांचं उतरतं छप्पर काढायचं, त्याच्या जागी सपाट स्लॅब टाकायचा, आणि तो गळायला लागला की त्यावर पुन्हा उतरतं छप्पर चढवायचं. आजोबा जिथं होते तिथंच आपण येतो, फक्त निवृत्तीची सगळी रक्कम खर्चून.

हे सगळं लिहून झालं, आणि हा कागद तुमच्याकडं धाडण्याआधी मी मास्तराच्या सवयीनं एकदा वाचला. एका ठिकाणी खोटं आहे. पुढची बाजू तुम्ही आपण होऊन उभी केलीत असं मी वर लिहिलंय. तसं नव्हतं. लग्नाआधी तुमच्या ओट्यावर बसून मीच म्हणालो होतो, "पुढचं तेवढं उरका मिस्त्री, मागचं कोण बघतंय?" तुम्ही त्या वेळी माझ्याकडं एकदा बघितलंत आणि विचारलंत, "आदी मागची करू का गुर्जी? पावसाची बाजू हाय ती." मी म्हणालो, पाऊस काय लग्नाला येणार आहे?

तर तुमचा गुन्हा काय, याचा हिशेब मांडायला बसलं की पाटीवर दोन नावं येतात. तुम्ही चार घरांची कामं एकाच वर्षात धरलीत; मी पाच कार्यं एकाच वर्षात धरली. एकदाच मांडव, एकदाच पाहुण्यांचं येणं, एकदाच खर्च, असा माझाही हिशेब होताच. तुम्ही काम सोडून गेलात हे खरं; पण मी घर माणसांनी बघायला यावं म्हणून बांधलं. आजोबांनी ते राहायला बांधलं होतं. पाहुणे पुढच्या दारानं येतात, जेवतात आणि जातात. पाऊस मागच्या बाजूनं येतो आणि चार महिने मुक्काम करतो.

तरीही गिलाव्याचे पैसे तुम्ही आगाऊ घेतले आहेत, ही बाब माझ्या पश्चात्तापात बुडवू नये, ही विनंती.

आता शेवटचं. हे पत्र मी कुठं बसून लिहितोय ते सांगायचं राहिलं. सोप्यात थेंब पडतात, शाई पसरते. स्वयंपाकघरात बादल्या मांडल्यात. पोरीला घेऊन थोरली काकूंच्याकडं झोपायला गेली आहे. तुम्ही अडगळ म्हणालेली ती कौलं मी आणि शेजारच्या दोन पोरांनी मिळून गोठ्यावर चढवली होती, मिस्त्री न लावता. मावळतीला आईनं सांगितल्याप्रमाणं गवताची झड बांधली. त्या गोठ्याला ना नारळ फुटला, ना वास्तुशांत झाली, ना कुणी फोटो काढला. गव्हाणीच्या कठड्यावर वही ठेवून लिहितोय. म्हैस रवंथ करते आहे. बाहेर पाऊस आडवा मारतोय आणि इथं कागदावर एक थेंब पडलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गुर्जी

ता. क. धाकटीला दिवस गेलेत. श्रावणात डोहाळजेवण आहे. पहिल्या पंगतीला तुम्ही हवेतच. येताना थापी आणावी.